क्लचचं खरं काम: शून्य ते सहा

शिकाऊ गाडीत क्लचची दोन पेडल असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरं माझ्या. दोन्ही एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे समोरच्याने क्लच किती दाबलाय, कुठवर सोडलाय, मध्येच घाबरून पुन्हा कधी दाबला, हे सगळं माझ्या तळपायाला कळतं. पुण्यात धनकवडी-सहकारनगर भागात मी बरीच वर्षं गाडी शिकवते आहे. त्याआधी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीत सुट्या भागांच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. म्हणजे क्लच मी टेबलावर उघडूनही पाहिलाय आणि रोज पायाखालीही अनुभवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी स्टिअरिंगच्या आधी क्लच समजावते. आज तेच सविस्तर लिहिते.

‘क्लच हळू सोडा’ हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. हळू का सोडायचा, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आणि कारण माहीत नसलं की माणूस तो कायमच हळू सोडत राहतो. सिग्नलला, उड्डाणपुलाच्या चढावर, सिंहगड रोडच्या कोंडीत, सगळीकडे पेडल अर्धं दाबलेलं. यालाच हाफ क्लच म्हणतात आणि पुण्यातले निम्मे क्लच तरी यानेच संपत असावेत, असं माझं मत आहे.

कारण समजायला थोडंसं गणित लागतं. पेट्रोलचं इंजिन उभ्या गाडीतही फिरत ठेवावं लागतं. मिनिटाला 800 फेऱ्यांच्या फार खाली गेलं की ते आचके देतं आणि बंद पडतं. शून्य फेऱ्यांना त्याच्यात काहीही ताकद नसते. आता छोट्या कारचा पहिला गिअर घ्या. गिअर आणि डिफरन्शियल (चाकांच्या मधली शेवटची दातेरी जोडी) मिळून इंजिनच्या साधारण 14 फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. म्हणजे 800 फेऱ्यांना चाकाच्या 57. चाकाचा घेर पावणेदोन मीटर धरला तर गाडी मिनिटाला 100 मीटर जाते. ताशी 6 किलोमीटर. क्लच पूर्ण सोडलेला असेल तर पहिल्या गिअरमध्ये गाडी याहून फारशी हळू चालूच शकत नाही.

गाडी उभी आहे, म्हणजे ती शून्यावर. इंजिनला चालेल असा सर्वांत कमी वेग सहा. शून्यापासून सहापर्यंत गाडीला नेणारा एकच भाग आहे, तो क्लच, आणि हे काम तो घसरून करतो. एक बाजू 800 फेऱ्यांनी फिरतेय, दुसरी थांबलेली आहे, दोन्ही एकमेकींवर घासत घासत हळूहळू एका वेगाला येतात. घसरणं हा क्लचचा दोष नाही, ते त्याचं नेमून दिलेलं काम आहे. फक्त ते दोन-तीन सेकंदांचं आहे. ताशी 3 किलोमीटरने सरकणाऱ्या कोंडीत पुढच्या गाडीला चिकटून हळूहळू सरकत राहिलात, तर तेच काम तुम्ही त्याच्याकडून अर्धा तास करून घेता.

डिकीत मी एक जुनी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट ठेवते. पहिल्या दिवशी ती शिकणाऱ्याच्या हातात देते. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकाला फ्लायव्हील असतं, बिडाचं जड चाक. त्यावर क्लचचं कव्हर बोल्टने आवळलेलं असतं आणि कव्हरच्या आत प्रेशर प्लेट. ही दोन्ही इंजिनबरोबर फिरतात. त्यांच्या मध्ये क्लच प्लेट असते, लहान कारमध्ये सात-आठ इंच व्यासाची, ट्रकमध्ये 15 इंच आणि त्याहून मोठी. ती इंजिनला कुठेही जोडलेली नसते. तिच्या मधल्या भोकाला आतून खाचा असतात आणि त्या खाचांनी ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. दोन्हीकडून दाबून धरली की प्लेट इंजिनबरोबर फिरते, दाब काढला की मोकळी.

दाबून धरायचं काम डायफ्रॅम स्प्रिंग करते. ही वेटोळ्याची स्प्रिंग नव्हे. ती बशीसारखी किंचित खोलगट पोलादी चकती असते आणि मध्याकडे तिला कापून लांब बोटं काढलेली असतात. पाय पेडलवर नसताना ती प्रेशर प्लेटला साडेतीनशे-चारशे किलोच्या जोराने फ्लायव्हीलकडे दाबते. पेडल दाबलं की केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर फोर्क नावाच्या दुबेळक्या दांडीला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग त्या बोटांवर जाऊन दाबतं. बोटं आत गेली की चकतीची बाहेरची कड उलटीकडे उचलली जाते आणि प्रेशर प्लेट मागे सरकते. किती सरकते? मिलिमीटर-दीड मिलिमीटर. पाय पाच-सहा इंच खाली जातो आणि तिथे एवढीच फट पडते. म्हणून केबल जराशी सैल झाली तरी क्लच नीट सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो.

प्लेटमधल्या दोन गोष्टी मला विशेष आवडतात. पहिली, तिच्या मध्याभोवती बसवलेल्या चार-सहा जाड स्प्रिंगा. इंजिनची ताकद सलग येत नाही, सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाबरोबर एकेक धक्का येतो. या स्प्रिंगा तो धक्का पिऊन टाकतात, नाहीतर गिअरबॉक्स सतत खडखडला असता. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंच्या लायनिंगच्या, म्हणजे घासणाऱ्या थरांच्या, मध्ये लपवलेली नागमोडी पोलादी पट्टी. प्लेट चेपली जाताना ती पट्टी आधी सपाट होते, त्यामुळे पकड एकदम न येता वाढत वाढत येते. ‘क्लच उचलायला लागला’ असं आपण म्हणतो तो पेडलचा इंच-दीड इंच या पट्टीने दिलेला असतो. कोणीतरी अभियंत्याने नवशिक्याच्या पायाचा विचार करून हे केलंय, असं मला दरवेळी वाटतं.

नव्या प्लेटची जाडी साधारण 8 मिलिमीटर असते, पण वापरता येण्याजोगं लायनिंग रिव्हेटच्या डोक्याच्या वर प्रत्येक बाजूला जेमतेम मिलिमीटरभर. गाडी लाखभर किलोमीटर चालते ती एवढ्याशा थरावर. नीट चालवली तर. माझ्या शिकाऊ गाडीचा थर त्याच्या कितीतरी आधी संपतो आणि ते साहजिक आहे.

आता उष्णता. सपाट रस्त्यावर इंजिनचा वेग स्थिर ठेवून गाडी शून्यातून उचलली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत इंजिनने दिलेल्या ऊर्जेतली बरोबर निम्मी गाडीच्या गतीत जाते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होते. हे कॉलेजच्या पुस्तकातलं साधं गणित आहे आणि कितीही नाजूक पाय असला तरी चुकत नाही. म्हणजे इंजिन 3000 फेऱ्यांवर घोंगावत ठेवून क्लच सोडला तर उष्णता कितीतरी जास्त, आणि 1200-1500 वर सोडला तर कमी. चढावर याहून वाईट परिस्थिती असते. ब्रेक न लावता, ॲक्सिलरेटर आणि हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी धरून ठेवणारे खूप लोक मी पाहते. गाडी हलत नाहीये, म्हणजे गतीत काहीच जात नाही. इंजिन क्लचला देतंय ते सगळंच्या सगळं उष्णता होतंय.

मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. माणसांसकट 1200 किलोची गाडी, आठ मीटरला एक मीटर चढणारा रस्ता, इंजिन 1200 फेऱ्यांवर. उत्तर येतं सुमारे पावणेचार किलोवॅट. घरातले दोन मोठे गीझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता होते जवळपास तेवढी, आणि इथे ती न्यायला पाणी नाही. क्लच बंद खोक्यात असतो, आत वारा जवळजवळ नसतो. लायनिंगमधलं राळेसारखं बंधक द्रव्य तापून जळायला लागतं. तोच तो उग्र वास.

हा वास ज्याला ओळखायचा असेल त्याने पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी सिंहगडावर गाडी न्यावी. वरचं पार्किंग भरलं की खालची रांग घाटात जागोजागी थांबते. वळण, चढ, समोर गाडी, मागे गाडी. दर दोन-चार मिनिटांनी पाच-दहा फूट सरकायचं. हाफ क्लचवर धरून बसलेल्या गाड्यांच्या बॉनेटखालून तो वास वळणावळणाला येतो आणि दोन-चार गाड्या तर धूर काढत कडेला उभ्या दिसतात. माझ्या विद्यार्थ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: रांग थांबली की हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला घ्या, पाय क्लचवरून काढून जमिनीवर ठेवा. समोर निदान दोन गाड्यांची जागा झाल्याशिवाय निघू नका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. निघाल्यावर क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये तेवढं अंतर जा आणि पुन्हा हँडब्रेक. वास यायलाच लागला तर जागा मिळेल तिथे थांबून गाडीला पंधरा-वीस मिनिटं द्या. इंजिन चालू ठेवलं तरी चालेल, पाय मात्र पेडलवर नको.

चढावरून निघण्याचा सराव आम्ही तळजाईच्या रस्त्यावर करतो. मागच्या उन्हाळ्यात साठी ओलांडलेल्या एक काकू शिकायला आल्या होत्या. मुलगा परदेशात, काकांची दृष्टी कमी झालेली, गाडी दारात उभी. त्या चढावर आल्या की श्वास रोखून धरायच्या.

‘मॅडम, मागे जाईल हो गाडी.’

‘नाही जाणार काकू. हँडब्रेक लावलाय ना? आता पायांकडे बघूच नका. क्लच सोडत या आणि गाडीचं नाक कुठे जातंय ते बघा.’

‘नाक वर उचलल्यासारखं झालं.’

‘तिथेच पाय थांबवा. प्लेट पकडायला लागली. आता थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि हँडब्रेक खाली करा.’

गाडी इंचभरही मागे न जाता निघाली. काकूंनी मग तेच पुन:पुन्हा करून पाहिलं, मी थांबवेपर्यंत. क्लच कुठे पकडतो ते डोळ्यांनी, कानांनी ओळखता येतं: नाक उचलतं, इंजिनचा आवाज खोल जातो. गाडीगाडीत ही जागा वेगळी असते, कुठे तळाशी, कुठे वर. दुसऱ्याची गाडी घेतली तर आधी ती जागा शोधा. परवान्याच्या परीक्षेत चढावर मागे घसरणारे बहुतेक जण घाबरल्यामुळे घसरतात, आणि घाबरतात ते ही जागा माहीत नसते म्हणून.

उताराचं मात्र चढापेक्षा गंभीर आहे. क्लच दाबला की चाकं इंजिनपासून सुटली. उतारावर गिअरमधलं इंजिन गाडीला मागे ओढून धरत असतं, ती मदत त्या क्षणी संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना सांगायला नको. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या अवजड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी झाल्याच्या बातम्या आपण पुन:पुन्हा वाचल्या आहेत. कारमध्ये क्लच दाबून उतरणं हे त्याचंच छोटं रूप. नवशिक्याचा डावा पाय भीतीने आधी क्लचवर जातो, हे मला रोज जाणवतं. म्हणून आमच्याकडे क्रम पक्का आहे: उतारावर आधी ब्रेक, वेग अगदी कमी झाल्यावरच क्लच. आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं.

कारपेक्षा पुण्यात दुचाकी जास्त, आणि दुचाकीचा क्लच आतून अगदी वेगळा. कारच्या प्लेटएवढी मोठी चकती मोटारसायकलमध्ये मावणार कुठे? क्लच किती ताकद पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षण, दाब, चकतीची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. त्रिज्या कमी झाली तर संख्या वाढवायची. म्हणून मोटारसायकलमध्ये पाच-सहा घर्षणाच्या प्लेटा आणि त्यांच्या मध्ये पोलादी प्लेटा, एकाआड एक. घर्षणाच्या प्लेटांचे बाहेरचे दात हाऊसिंगमध्ये अडकतात आणि हाऊसिंग इंजिन फिरवतं. पोलादी प्लेटांचे आतले दात मधल्या हबवर, जो गिअरबॉक्सला जोडलेला. पाच प्लेटांचे दहा पृष्ठभाग होतात, कारच्या क्लचला दोनच असतात. हा सगळा गठ्ठा इंजिन ऑइलमध्ये भिजलेला. तेलाने पकड कमी होते हे खरं, पण तेल उष्णता घेऊन जातं. म्हणून लक्ष्मी रोडच्या गर्दीत तासभर हाफ क्लचवर चाललेली मोटारसायकल तग धरते, कार धरत नाही.

आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून निघालेल्या बजाज चेतकचा क्लचही असाच तेलातला, अनेक प्लेटांचा, कॉर्क लावलेला. तो थेट क्रँकशाफ्टवर बसलेला असायचा. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि त्याच हाताची मूठ फिरवून गिअर बदलायचा. ज्यांनी ती स्कूटर चालवली त्यांना कारचा क्लच लवकर जमतो, हा माझा अनुभव आहे. पकड कुठे सुरू होते हे त्यांच्या हाताला आधीच ठाऊक असतं, ते फक्त पायाला शिकवावं लागतं.

इथे तेलाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कारचं इंजिन ऑइल उरलं म्हणून मोटारसायकलमध्ये ओतू नका. कारच्या बऱ्याच तेलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, कारण कारचा क्लच त्या तेलात नसतोच. तेच तेल दुचाकीच्या प्लेटांना लागलं की क्लच घसरायला लागतो आणि मग लोक प्लेटा बदलत बसतात. मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ लिहिलेलं बघा. ‘एमबी’ हे बिनगिअरच्या स्कूटरसाठी, जिचा क्लच तेलात नसतो.

मोठ्या मोटारसायकलींमध्ये आता स्लिपर क्लच येतो. चाकणला बनणाऱ्या डोमिनार 400 मध्ये तो आहे. वेगात असताना पटापट गिअर उतरवले की मागचं चाक इंजिनला फिरवायला लागतं, चाक उड्या मारतं. स्लिपर क्लचच्या हबला तिरक्या उतरंडी असतात. उलट बाजूने जोर आला की त्या प्लेटांवरचा दाब आपोआप कमी करतात आणि क्लच थोडा घसरू देतात. सुलट जोराला त्याच उतरंडी दाब वाढवतात, म्हणून स्प्रिंगा हलक्या चालतात आणि लिव्हर हाताला मऊ लागतो.

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये लिव्हरच नाही, पण क्लच आहे. तो केंद्रोत्सारी, मागच्या चाकाजवळ, कोरडा. फिरणाऱ्या तबकडीवर तीन बूट, म्हणजे लायनिंग लावलेले कमानीसारखे तुकडे, असतात, स्प्रिंगांनी आत ओढलेले. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या वाटीला आतून घासून तिला फिरवतात. हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, फेऱ्या दुप्पट तर जोर चौपट. त्यामुळे पकड घ्यायला लागला की तो झपाट्याने पूर्ण पकडतो. आपल्याकडे 1972 मध्ये लुना आणि 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, तेव्हापासून या प्रकाराने असंख्य लोकांना, विशेषतः बायकांना, क्लचच्या भीतीतून सोडवलं. त्याचं मोल मला फार वाटतं. फक्त सिग्नलला ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पिळत राहू नका. बूट घासून चकचकीत होतात आणि मग गाडी निघताना थरथरते.

‘आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, आम्हाला क्लचशी काय करायचंय’ असं म्हणणारे आता वाढलेत. त्यांच्याशी मी नेटाने वाद घालते. मारुती सेलेरिओ 2014 मध्ये आली आणि एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवण्याचा प्रकार, आपल्याकडे रुळला. या गाड्यांमध्ये आधी वर्णन केला तोच एका प्लेटचा कोरडा क्लच असतो. फक्त तो दाबायला पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक असतं. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली, तर आत हाफ क्लचच होतो आणि तुम्हाला पायाखाली काहीच जाणवत नाही. मॅन्युअल गाडीपेक्षा हे जास्त धोक्याचं. 2020 मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आलेल्या आयएमटीत गिअर हाताने आणि क्लच यंत्राने. तिथेही प्लेट तीच.

ड्युअल क्लचची कल्पना मला सगळ्यांत देखणी वाटते. एक क्लच 1, 3, 5 या गिअरसाठी, दुसरा 2, 4, 6 साठी. तुम्ही दुसऱ्यात चालत असताना तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडतो, ताकद तुटतच नाही. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेसने 1939 च्या सुमारास हे सुचवलं होतं, पण सामान्य कारमध्ये यायला 2003 उजाडलं. यातही कोरडा आणि तेलातला असे दोन प्रकार. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी कोरडा होता, 2022 मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझचा डीसीए तेलातला (ही दोन्ही कंपन्यांनी ड्युअल क्लचला दिलेली नावं). बंपर-टू-बंपर कोंडीत रोज दोन तास घालवणाऱ्याने गाडी घेताना हा प्रश्न शोरूममध्ये जरूर विचारावा: क्लच कोरडा की तेलातला? हिंजवडीला जाणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगते.

ऑटोमॅटिकचा आणखी एक प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात निघताना घर्षण जवळजवळ नाहीच. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल दुसऱ्या पंख्यावर फेकतो आणि दुसरा पंखा गिअरबॉक्स फिरवतो. घासणारं काहीच नसल्यामुळे गाडी कितीही सरकवा, तेल तापतं आणि कूलरमध्ये थंड होतं. निघताना तर ताकद जवळपास दुप्पट करूनही देतो. वेग आला की आत एक छोटा लॉक-अप क्लच दोन्ही पंखे जोडून टाकतो, म्हणजे इंधन वाया जात नाही. सिंहगडाच्या रांगेत सगळ्यांत निवांत याच गाड्या असतात. इलेक्ट्रिक गाडीला तर हे सगळं लागतच नाही, कारण मोटर शून्य फेऱ्यांनाही पूर्ण जोर देते.

क्लचची भावंडं आणखी बरीच आहेत. सासवडकडे माझ्या मामाच्या ट्रॅक्टरला दुहेरी क्लच आहे: पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो पण मागचं मळणीयंत्र चालू राहतं, पूर्ण दाबलं की तेही थांबतं. कारचा एसी लावल्यावर बॉनेटखाली ‘टक’ वाजतं तो कॉम्प्रेसरचा विद्युतचुंबकीय क्लच. सायकलचं फ्रीव्हील हाही एकाच दिशेने पकडणारा क्लच.

शेवटी, क्लच जायला आलाय हे कसं ओळखायचं. चौथ्या गिअरमध्ये 40-50 च्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तसाच राहिला तर प्लेट घसरतेय. निघताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवर तेल आलंय किंवा फ्लायव्हील तापून निळं पडलंय. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर आवाज थांबत असेल तर दुखणं बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगचं, त्यासाठी क्लच बदलू नका.

बदलायची वेळ आली तर पूर्ण सेट बदला: प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. नाना पेठेत सुटी प्लेट स्वस्तात मिळते, पण खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा, तो दोनदा कशाला? फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर त्याचं फेसिंग करून, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करून, घ्या, नाहीतर नवी प्लेटही थरथरेल. मेकॅनिकना एक विनंती: आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

नवा क्लच बसला की पकडायची जागा बदललेली असते. गाडी गॅरेजमधून थेट गर्दीत नेऊ नका. शेजारच्या रिकाम्या गल्लीत दहा मिनिटं ॲक्सिलरेटर न देता फक्त क्लचवर निघून बघा, जागा पायाला कळेल. आणि पहिले चार-पाचशे किलोमीटर घाट आणि भरलेली गाडी टाळा, लायनिंगला नीट बसायला तेवढा वेळ लागतो.